तुल्यबळांची लढत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरोजिनी नगर, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून क्रिकेटसारख्या विषयावर बोलावे की नाही, याविषयी कार्यकारिणीत थोडी चर्चा झाली असे आमच्या कानावर आले आहे. संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, नाट्यसंगीताची बैठक झाली, त्या मालिकेत चेंडूफळीला स्थान कोणते, असा आक्षेप असेल तर तो आम्हांला समजू शकतो. तथापि कानपूर रोडच्या दोन्ही अंगांनी, अमौसीच्या विमानतळाच्या आसपास आपली जी कुटुंबे येऊन राहिली, कोणी स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यासाठी (तो २०२१ मध्ये बंद झाला), कोणी सैनिकी शाळेत, कोणी केंद्र सरकारच्या कचेरीत, त्यांनी गावाकडून बरोबर आणलेल्या सामानात पुरणयंत्र, गणपतीची आरास आणि मुंबईच्या संघाविषयीचा अभिमान या तीन गोष्टी बहुधा प्रत्येक घरी होत्या. पैकी पहिल्या दोहोंविषयी या सभागृहात पुष्कळ बोलून झाले आहे. तिसरीविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

त्यातही आमचा प्रश्न मर्यादित आहे. रणजी करंडकाच्या सामन्यात मुंबई आणि उत्तर प्रदेश समोरासमोर आले, तर आपण कोणाच्या बाजूचे? आमच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. येथे जन्मलेल्या आमच्या मुलानातवंडांना तो पडतो. आणि त्यांचे उत्तर ऐकून आम्हांला पूर्वी वाईट वाटे, आता वाटत नाही. का वाटत नाही, याचा शोध घेताना आम्ही एका निराळ्याच विषयाकडे वळलो. राष्ट्रीय स्पर्धेत सगळे संघ एकमेकांना तुल्यबळ असावेत का, ते तसे कशाने होतात, आणि एकच संघ वर्षानुवर्षे जिंकत राहिला तर त्यात त्याचे स्वतःचे हित कितपत असते?

प्रारंभी एक जुना सामना आठवू. डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना चालू होता. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले आणि खेळतच राहिले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावांची भागी केली. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद अशी स्थिती आली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या त्या वेळी ब्रॅडमनच्या नावावर होती, नाबाद ४५२. तिची बरोबरी साधावयास केवळ नऊ धावा हव्या होत्या. अशा वेळी खेळ थांबला असता काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून देत असल्याचे सांगितले आणि त्यांचा संघ मैदानात परत आला नाही.

ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे आणि ठाकोरसाहेबांना मनसोक्त नावेही ठेवलेली आहेत. खिलाडूपणा त्यात नव्हता, हे खरेच. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, ती आम्हांला फार उशिरा दिसली. दोन संघांच्या बळात इतके अंतर पडले की दुर्बळाला मैदानात थांबण्याचे काही कारणच उरेना, आणि तो निघून गेल्याबरोबर सबळाचा विक्रमही अर्धवट राहिला. निंबाळकरांना त्या नऊ धावा काढावयास चेंडू टाकणारा कोणी तरी हवा होता. समर्थ संघाला असमर्थ संघाची गरज किती असते, हे यापरते स्पष्ट कोठे दिसावे?

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. पहिली दोन्ही विजेतेपदे मुंबईची. पुढे १९३९-४० मध्ये प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात समोर कोण होते ठाऊक आहे? आपलाच आजचा प्रांत, तेव्हाचे संयुक्त प्रांत. सामना पुण्यात झाला आणि महाराष्ट्राने तो दहा गडी राखून जिंकला. पुढच्याच वर्षी मद्रासला हरवून देवधरांनी करंडक राखला. त्यानंतर मात्र महाराष्ट्राच्या नावावर एकही विजेतेपद लागलेले नाही. संयुक्त प्रांताची, म्हणजे पुढे उत्तर प्रदेशाची, प्रतीक्षा तर साठ वर्षांहून अधिक लांबली.

मधला काळ संस्थानिकांचा. इंदूरच्या होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक नेला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे आणि पुढे आपले निंबाळकरही तिकडेच. बडोद्याकडे विजय हजारे होते, मूळचे सांगलीचे. लाहोरचे गुल महंमद होते. या दोघांनी १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा जोडल्या. हे सर्व खेळाडू त्या त्या मातीत उगवलेले नव्हते. दरबारने नोकरी द्यावी, सन्मान द्यावा आणि खेळाडूने दरबारसाठी खेळावे, असा तो व्यवहार होता. आज ज्याला लिलाव म्हणतात त्याचीच ती अधिक सभ्य आवृत्ती म्हणा. पण आश्रयदात्याच्या बळावर उभे राहिलेले बळ आश्रयदात्याबरोबर जाते. संस्थान विलीन झाले आणि १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर हे नावच स्पर्धेतून नाहीसे झाले. बडोदा टिकले, १९५७-५८ मध्ये पुन्हा जिंकलेही.

आणि मग मुंबई. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे राहिला. जगात कोठल्याही राष्ट्रीय स्पर्धेत असे सहसा घडत नाही. आमची पिढी या पंधरा वर्षांवर पोसली गेली. रेडिओला कान लावून बसण्याची, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धावफलक पुन्हा वाचण्याची आणि शेजारच्या तिवारीजींना तो वाचून दाखवण्याची सवय आम्हांला तेव्हाच लागली. (तिवारीजी सहनशील होते.)

या यशाची कारणे अनेकांनी लिहिली आहेत. शाळांच्या हॅरिस आणि जाइल्स ढाली, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग, खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या गिरण्या, बँका आणि कंपन्या, त्या कचेऱ्यांची टाइम्स ढाल, शिवाजी पार्क आणि आझाद मैदान. थोडक्यात, तेथे खेळाडू विकत घ्यावा लागत नव्हता, तो तयार होत होता. होळकरांत आणि मुंबईत हाच फरक. १९७०-७१ चे उदाहरण घ्या. वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर, अशोक मांकड हे सगळे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईकरांनी अंतिम सामना जिंकला. म्हणजे भारताच्या संघात पाच जण देऊनही मुंबईकडे भारतातला सर्वांत समर्थ संघ शिल्लक होता. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला झाला. पद्माकर शिवलकरांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात सोळा धावांत आठ आणि दुसऱ्या डावात अठरा धावांत पाच बळी घेतले. तिसऱ्या दिवशी एक चेंडू टाकला आणि सामना संपला. या शिवलकरांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. समृद्धीतही कोणाच्या तरी वाट्याला उपेक्षा येतेच.

परंतु मुंबईच्या गुणांबरोबर स्पर्धेच्या नियमांचाही या पंधरा वर्षांत वाटा होता, तो आम्ही अभिमानाच्या भरात विसरतो. १९५७-५८ पासून पाच विभागांत साखळी सामने होऊ लागले आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाऊ लागला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. मुंबई पहिली येणार हे ठरलेलेच. मग महाराष्ट्र कितीही चांगला खेळला तरी विभागाच्या उंबरठ्यावरूनच त्याला परतावे लागे. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ कदाचित मुंबईपासून शंभर मैलांवर, पुण्यातच असेल. पण ते सिद्ध करण्याची संधी त्याला नव्हती. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र थेट अंतिम सामन्यात पोहोचला! मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला खरा, पण नियमात एका ओळीचा बदल होताच काय दिसू लागते, ते पाहा. महाराष्ट्र एका रात्रीत सुधारला नव्हता. तो तेथेच होता, आम्हांला दिसत नव्हता.

मध्य विभागातून राजस्थान येई. हनुमंतसिंह, सलीम दुराणी, आणि विनू मांकड व विजय मांजरेकर यांच्यासारखे आपल्याकडून गेलेले खेळाडू त्यांच्याकडे होते. १९६०-६१ पासून १९६९-७० पर्यंतच्या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले. सात वेळा! आमच्या तिवारीजींचे जावई जयपूरचे होते, त्यांच्यापुढे हा आकडा काढू नये असा घरातला नियम होता. करंडक त्या लोकांच्या हाती अखेरीस आला तो २०१०-११ मध्ये.

या एकछत्री राज्याने भारतीय क्रिकेटचे नुकसान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मिळालेल्या विजयांत मुंबईच्या खेळाडूंचा हात किती होता हे सर्वश्रुत आहे. मात्र १९७३-७४ च्या उपान्त्य सामन्यात बंगलोरला प्रसन्नाने गावस्करचा त्रिफळा उडवला, वाडेकर पाय घसरून धावचीत झाले आणि कर्नाटकाने मुंबईला थांबवले, तेव्हा देशातल्या बाकी सर्व मैदानांवर जो आनंद झाला तो मुंबईच्या द्वेषातून झालेला नव्हता. हे होऊ शकते, एवढे लोकांना कळले होते. मुंबईला ते चांगलेच मानवले. ती त्यानंतरही जिंकत राहिली. २०२३-२४ च्या विजयासह तिची विजेतेपदे बेचाळीस झाली. पण पुढच्या विजयांची चव निराळी, कारण पराभवाची शक्यता आता खरी होती. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडे मैदानावर कपिलदेवच्या हरियाणाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरवले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिलेला वेंगसरकर अश्रू आवरू शकला नाही. सलग पंधरा विजयांपैकी किती सामने आज आपल्याला तपशीलवार आठवतात? तो पराभव मात्र ज्याने पाहिला त्याला चेंडू न् चेंडू आठवतो.

येथे थोडे परदेशात जाऊन येऊ. आपल्यापैकी काहींची मुले मेलबर्नला आहेत आणि ती तिकडच्या फुटबॉलविषयी पत्रांतून, आता फोनवरून, सांगत असतात. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू हाताने धरता येतो आणि पायाने मारताही येतो; आपल्या डोळ्यांना तो प्रथम गोंधळच वाटतो. पण त्यांच्या स्पर्धेचा इतिहास आमच्या विषयाला फार जवळचा आहे. व्हिक्टोरिया प्रांताच्या त्या लीगमध्ये पूर्वी बारा क्लब होते. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रामीण प्रदेश या क्लबांत वाटून देण्यात आला: या तालुक्यातली मुले या क्लबाची, त्या तालुक्यातली त्या क्लबाची. हेतू समतेचा होता. परिणाम उलटा झाला, कारण काहींच्या वाट्याला सुपीक प्रदेश आला आणि काहींच्या वाट्याला नापीक. १९६७ ते १९८९ या तेवीस वर्षांत बारापैकी पाचच क्लब आलटून पालटून विजेते ठरले. मग १९८६ मध्ये नवी पद्धत आली. नवे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क त्या वर्षी तळाला राहिलेल्या क्लबाला, आणि विजेत्याचा हक्क सर्वांत शेवटी. पाठोपाठ खेळाडूंच्या एकूण वेतनावरही मर्यादा आली. १९९० मध्ये ती लीग नावानेही सबंध देशाची झाली, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या छत्तीस हंगामांत चौदा निरनिराळ्या क्लबांनी विजेतेपद मिळवले.

आमच्याकडे विभागांच्या वाटणीने जे झाले तेच तिकडे तालुक्यांच्या वाटणीने झाले होते. मग तिकडचे औषध आपल्याला लागू पडेल का? आयपीएलमध्ये ते काही अंशी वापरलेले आहे. प्रत्येक संघाने किती खर्च करावा हे ठरलेले असते. २०२५ च्या हंगामासाठी ती मर्यादा १२० कोटींची होती, आणि आपल्या लखनौच्या संघाने त्यातले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर खर्च केले. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी. तरीही २००८ ते २०२५ या अठरा हंगामांतली दहा विजेतेपदे मुंबई आणि चेन्नई या दोघांनीच पाच-पाच वाटून घेतली. सारखे पैसे दिले म्हणून सारखी अक्कल येत नाही, असे आमच्या आजोळी म्हणत, ते येथे आठवते.

आणि रणजी स्पर्धेत तर तेही औषध चालण्यासारखे नाही. तेथे खेळाडू लिलावाने येत नाही. जन्माने, शिक्षणाने, नोकरीने किंवा रहिवासाने येतो. ठरावीक मर्यादेत बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घेता येतात, परंतु पाटण्याचा संघ तळाला राहिला म्हणून दादरच्या एखाद्या होतकरू मुलाला उचलून पाटण्याला पाठवता येत नाही. पाठवूही नये. संघाला घर असते, हीच तर या स्पर्धेची गोडी. मग घर असलेले संघ तुल्यबळ व्हावेत कसे? घरातच खेळाडू घडावा, याखेरीज दुसरा मार्ग नाही.

उत्तर प्रदेशाने दोन्ही मार्ग वापरून पाहिले. प्रथम मोठी माणसे आणली. सी. के. नायडू १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, या प्रांताचे कर्णधार होते. विजय मांजरेकरही काही काळ या प्रांताकडून खेळून गेले. तो मराठी माणूस सहा संघांकडून रणजी खेळला, आपल्या बदलीच्या नोकऱ्यांशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु मोठ्या माणसांच्या येण्याजाण्याने संघ उभा राहिला नाही. १९७७-७८ मध्ये आणि पुन्हा १९९७-९८ मध्ये उत्तर प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला, दोन्ही वेळा कर्नाटकाने हरवले.

फळ आले ते वसतिगृहांतून. कानपूरच्या ग्रीन पार्कचे क्रीडा वसतिगृह आणि आपल्या लखनौचे गुरु गोविंदसिंह क्रीडा महाविद्यालय. अलाहाबादचा महंमद कैफ कानपूरच्या वसतिगृहात वाढला. मुरादनगरचा सुरेश रैना आणि रायबरेलीचा रुद्रप्रताप सिंह लखनौच्या महाविद्यालयात. ही मुले मोठ्या शहरांतली नव्हती. त्यांच्या गावी ना कांगा लीग होती ना नोकरी देणारी गिरणी. मुंबईत जे काम शंभर वर्षांत शाळा, क्लब आणि कचेऱ्या यांनी मिळून केले, ते येथे सरकारी खर्चाच्या खोलीने, सरकारी भोजनाने आणि पहाटेच्या शिट्टीने केले. त्या वसतिगृहांतल्या गैरसोयींच्या कथाही आम्ही ऐकल्या आहेत, पण हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२००५-०६ च्या हंगामाचा अंतिम सामना येथेच, बाबू स्टेडियमवर झाला. ज्या हॉकीपटूच्या नावाने ते मैदान आहे त्या के. डी. सिंह बाबूंच्या शहरात क्रिकेटचा असा दिवस पूर्वी आला नव्हता. बंगालविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर उत्तर प्रदेश विजेता ठरला. आपल्यापैकी कितीजण मैदानावर होते ते हात वर करून सांगा. पाहा, अर्ध्याहून अधिक! आणि त्या दिवशी टाळ्या वाजवताना आपण महाराष्ट्राचे की उत्तर प्रदेशाचे, असा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता.

खरी कसोटी तीन वर्षांनी आली. जानेवारी २००९ मध्ये हैदराबादला अंतिम सामना झाला तो मुंबई विरुद्ध उत्तर प्रदेश. मेरठच्या भुवनेश्वर कुमारने, वय वर्षे अठरा, सचिन तेंडुलकरला शून्यावर बाद केले. देशांतर्गत प्रथम श्रेणीच्या सामन्यात सचिनला भोपळा मिळाल्याची ती पहिलीच वेळ. रोहित शर्माने दोन्ही डावांत शतके केली आणि मुंबई जिंकली. आमच्या घरी त्या दिवशी आजोबा आणि नातू यांच्यात दोन तास अबोला होता. नातवाचे म्हणणे असे की, तो चेंडू टाकणारा ‘आपला’ आहे. आजोबांपाशी उत्तर नव्हते.

विदर्भाची कथा याहून बोधप्रद. उत्तर प्रदेशाप्रमाणे तोही मध्य विभागातला, वर्षानुवर्षे राजस्थान आणि इतरांच्या मागे. नागपूरच्या लोकांना पुण्यामुंबईकडून काय काय ऐकावे लागे, ते आपल्यातल्या नागपूरकरांना विचारा. क्रिकेटपुरते बोलावयाचे तर काही ऐकावेच लागत नसे, कारण कोणी दखलच घेत नसे. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने ओळीने तीन बळी घेतले आणि विदर्भ प्रथमच विजेता झाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळी प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचे. १९९८-९९ मध्ये हेच पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून बंगलोरच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरले होते. २०२१-२२ मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून ते जिंकले, आणि समोर मुंबई होती. मुंबईच्या शिस्तीत घडलेल्या माणसाने ती शिस्त नागपूर-इंदूरला नेली आणि मुंबईलाच हरवले. आम्हांला यात मुंबईचा अपमान दिसत नाही. मुंबईच्या शाळेचा एवढा मोठा सत्कार दुसरा नसेल.

आता संघांची संख्या अडतीस झाली आहे. २०१८-१९ मध्ये ईशान्येकडील राज्ये, बिहार, उत्तराखंड असे नऊ संघ एकदम आले, तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. दर्जा घसरेल, म्हणाले. विषम सामने झाले हे खरे. मार्च २०२२ मध्ये कलकत्त्याला झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या, त्यांना २८९ मध्ये बाद केले आणि पुन्हा स्वतःच खेळावयास आले. आघाडी १००८ धावांवर गेली. यात झारखंडने काय मिळवले, आम्हांला कळलेले नाही. पण नागालँडची मुले पाचही दिवस मैदानावर उभी राहिली, चेंडू टाकत आणि अडवत. राजकोटच्या ठाकोरसाहेबांना जे तीन दिवसांत असह्य झाले, ते या मुलांनी पाच दिवस सोसले. त्यांना पुढच्या वर्षीही बोलावले पाहिजे, आणि त्यांच्या गावी चांगली खेळपट्टी बांधून दिली पाहिजे. विदर्भही असाच कोणाच्या तरी हजार धावा अडवीत मोठा झाला.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्र राज्याचे रणजी स्पर्धेत तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. गुजरातचेही तीन. उत्तर प्रदेशाचा एक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, उत्तर प्रदेशाची जवळजवळ वीस कोटी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीची ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस मान्य केली, तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला! २०१८ मध्ये न्यायालयानेच त्या निर्णयात बदल करून मुंबई, विदर्भ, बडोदा आणि सौराष्ट्र यांची मते परत दिली. तेही योग्यच झाले, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राला एकच संघ असता तर त्यात मुंबईची आठ मुले, पुण्याची तीन, आणि नागपूरचा राखीव खेळाडू! विदर्भाची तीन विजेतेपदे कोणाला दिसलीच नसती. परंतु हाच न्याय पुढे नेला तर वीस कोटींच्या प्रांताला एक संघ का? मेरठला एक, लखनौला एक, काशी-प्रयागकडे एक असे संघ असते, तर कोणते विदर्भ आपल्या डोळ्यांपुढे आले असते? आपल्या मराठी तोंडून ही मागणी होणे अधिक शोभेल, कारण तीन संघांचे सुख काय असते ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि यात आपला स्वार्थही आहे, तो लपवण्याचे कारण नाही. सरोजिनी नगरात वाढणारे आपले मूल मुंबईच्या निवड चाचणीला जाणार नाही. ते येथल्या चाचणीला जाईल. तेथे सबंध प्रांतातून आलेल्या मुलांत त्याला अकरांतले एक स्थान मिळवावे लागेल, आणि त्याचे आडनाव जोशी आहे की यादव हे कोणी विचारणार नाही. अशा मुलाच्या घरी मुंबईच्या पंधरा करंडकांची गोष्ट जरूर सांगावी. पण सकाळी सराव करावयास त्याला जागा हवी, आणि समोर चेंडू टाकणारा त्याच्या तोडीचा कोणी तरी हवा.

म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग एका सिमेंटच्या खेळपट्टीसाठी आणि सरावाच्या जाळ्यासाठी राखून ठेवावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिलेली आहे. हे जाळे सभासदांच्या मुलांपुरते न ठेवता आसपासच्या सर्व वस्तीतील मुलांना खुले असावे, एवढी एकच अट तीत घातली आहे.